गंगाखेडची जनाबाई : एका दासीचें चरित्र

परभणी जिल्ह्यांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस गंगाखेड कोठें आहे हें सांगावयास नको. गोदावरीच्या कांठचें हें गांव परभणी-परळी लोहमार्गावर आहे, आणि बाजार किंवा कचेरीचें काम या निमित्तानें आपल्यापैकीं पुष्कळांचें तेथें जाणेंयेणें असतें. परंपरा सांगते कीं, याच गांवीं सुमारें साडेसातशें वर्षांपूर्वीं एका गरीब घरीं एक मुलगी जन्मास आली. तिनें मठ स्थापिला नाहीं, शिष्यशाखा वाढविली नाहीं, कोणत्याहि दरबारीं तिला मान मिळाला नाहीं. दुसऱ्याच्या घरीं दळण, कांडण आणि झाडलोट करण्यांत तिचें आयुष्य गेलें. तरी त्या काळच्या राजांचीं व मंत्र्यांचीं नांवें आज शाळेंतल्या पुस्तकांपलीकडे कोणाच्या तोंडीं नाहींत, आणि तिचें नांव मात्र घरोघर ठाऊक आहे. ती जनाबाई. तिचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें, आणि त्याबरोबर एका प्रश्नाचाहि विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे. प्रश्न असा कीं, एखाद्या माणसाची गोष्ट देवाविषयींचा आणि समाजाविषयींचा विचार कसा वाहून नेते. आणि तो विचार ऐकणाराच्या दाराशीं आल्यावर पुढें त्याचें काय होतें.

जनाबाईचा काळ हा देवगिरीच्या यादवांचा शेवटचा काळ होय. त्या राज्याचा मंत्री हेमाद्रि हा मोठा विद्वान होता. व्रतें, दानें, तीर्थें, श्राद्धें यांविषयीं त्याचा चतुर्वर्गचिंतामणि नांवाचा अवाढव्य संस्कृत ग्रंथ आहे. धर्म म्हणजे काय, तो कोणीं कसा आचरावा, याचे नियम त्यांत सांगितले आहेत. परंतु ते ज्या भाषेंत होते ती भाषा कुणब्यास, शिंप्यास, कुंभारास किंवा मोलकरणीस समजत नव्हती. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजीनें देवगिरीवर चाल केली, आणि १३१८ सालीं तें राज्य कायमचें लयास गेलें. याच पन्नास-साठ वर्षांत मराठी बोलणाऱ्या साध्या लोकांत धर्मविचाराची दुसरी एक वाट पडत होती. ती वाट नियमांची नव्हती, माणसांची होती. महानुभाव पंथांत चक्रधरांच्या आठवणी शिष्यांनीं गोळा केल्या, व म्हाइंभटानें त्यांचा लीळाचरित्र हा ग्रंथ सिद्ध केला. मराठी गद्याचा आरंभ अशा प्रकारें एका चरित्रानेंच झाला, ही ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. इकडे पंढरपुरीं नामदेवानें ज्ञानेश्वर व त्यांचीं भावंडें यांचें जीवन, तीर्थयात्रा आणि समाधि हीं अभंगांत वर्णिलीं. ज्ञान संस्कृतांतून मराठींत आणण्याचें काम ज्ञानेश्वरांनीं केलें. तें जगलेल्या माणसांची कथा नामदेवानें सांगितली. या नामदेवाच्या घरींच आमची जनाबाई वाढली.

तिच्या बापाचें नांव दमा व आईचें करुंड असें सांगतात. कुळ शूद्र, घर दरिद्री. पण दोघेंहि विठ्ठलाचीं भक्त. आई लवकर वारली. मग बापानें पोरीला पंढरपुरास नेलें व दामाशेटी नांवाच्या शिंप्याच्या घरीं कामास ठेविलें. दुसरे लोक हीच गोष्ट निराळ्या रीतीनें सांगतात. त्यांचें म्हणणें कीं, ती आईबापांबरोबर यात्रेस आली, आणि ती परत निघालीं तेव्हां आपण येथेंच राहणार असें सांगून महाद्वाराशीं बसून राहिली. वाचकांनीं या दोन कथनांतील भेद पाहावा. पहिल्यांत गरिबीमुळें एक अनाथ पोर परक्या घरीं टाकावी लागते. दुसऱ्यांत तीच पोर आपल्या मनानें आपलें घर निवडते. पहिलें कथन आपल्या गांवांत आपण डोळ्यांनीं पाहतों त्यासारखें आहे. दुसरें कथन ज्यांनीं जतन केलें त्यांना असें वाटत होतें कीं, जी पुढें एवढी मोठी झाली तिचा आरंभ केवळ लाचारींत झाला असें म्हणणें तिला शोभत नाहीं. गोष्ट सांगणारा काय सांगतो याबरोबर तो काय बदलतो हेंहि पाहिलें, म्हणजे त्याच्या मनांतला विचार उघड होतो.

दामाशेटीच्या घरीं त्याची बायको गोणाई, मुलगा नामदेव, नामदेवाची बायको राजाई आणि मुलेंसुना असा मोठा परिवार होता. नामदेवाचा जन्म १२७० सालीं झाला. त्याच्या घराण्याचा संबंध नरसी या गांवाशीं जोडतात. हें गांव पूर्वीं परभणी जिल्ह्यांत मोडत असे. १ मे १९९९ रोजीं हिंगोली हा निराळा जिल्हा झाला तेव्हांपासून तें तिकडे गेलें. म्हणजे धनी व दासी या दोघांचीहि मुळें आपल्याच भागांत आहेत असें परंपरेच्या आधारें म्हणतां येतें. त्या घरांत जवळजवळ प्रत्येक माणूस अभंग करणारें होतें, अशी ख्याति आहे. जनी त्या घरांत पहांटे उठून दळी, पाणी भरी, भांडीं घांशी, शेण गोळा करून गोवऱ्या थापी. आणि हीं कामें करतां करतां तीहि अभंग रचूं लागली. आपल्या नांवापुढें ती नामदेवाची दासी असा उल्लेख करी. आज तिच्या नांवावर सुमारें ३५० अभंग मिळतात. ते सर्वच तिचे असतील असें पंडित मानीत नाहींत, कारण तोंडोतोंडीं चालत आलेल्या वाङ्मयांत मागून भर पडतेच. तरी त्यांतील मोठ्या भागांतून एकाच बाईचा आवाज ऐकूं येतो. त्यांत घर आहे, अंगण आहे, जातें आहे, केर आहे, विंचरावयाचे केस आहेत. आणि देव आहे तो या सर्व वस्तूंच्या मध्यें उभा आहे. एका अभंगांत तिनें विठ्ठलास लेंकुरवाळ्या बापाच्या रूपांत पाहिलें आहे आणि त्याच्या अंगाखांद्यांवर निरनिराळे संत बसविले आहेत. त्यांत ब्राह्मण आहे, शिंपी आहे, कुंभार आहे आणि महारहि आहे. चारी वर्णांच्या बरोबरीविषयीं एखादा प्रबंध लिहूनहि जें सांगतां आलें नसतें तें एका बापाच्या चित्रानें सांगून झालें, कारण कोणता बाप कडेवरच्या पोराला शिवून स्नान करतो?

जनाबाईनें स्वतःहि दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या आहेत. तिच्या नांवावर हरिश्चंद्राचें आख्यान आहे. ही कथा आमच्या वाचकांनीं कीर्तनांत किंवा तमाशाच्या वगांत ऐकली असेल. सत्यासाठीं राजा आपलें राज्य देतो, काशीच्या बाजारांत राणी तारामती व मुलगा रोहिदास यांस विकतो, आणि स्वतः डोंबाचा गुलाम होऊन स्मशानाची राखण करतो. ही कथा पुराणांतली आहे व ती अनेक कवींनीं सांगितली आहे. परंतु एका दासीच्या तोंडून ती ऐकणें कांहीं निराळेंच आहे. परक्याच्या घरीं पाणी भरणारी राणी, मालकिणीचें बोलणें सोसणारी आई, मेलेल्या मुलाला जाळावयास जिच्यापाशीं कवडी नाहीं ती बाई, हें वर्णन करतांना जनीला कल्पना करावी लागली नसेल. आणि त्या कथेंत एक विचार दडला आहे तो असा: दासपण हा मनुष्याचा स्वभाव नव्हे, ती त्याच्यावर आलेली स्थिति आहे, राजाहि एका दिवसांत दास होतो, आणि दास झाल्यानें त्याचें सत्य कमी होत नाहीं. हें जनी उघड बोलली असती तर तिला उद्धट म्हटलें गेलें असतें. पुराणांतल्या राजाची गोष्ट सांगतांना तिला कोणीं अडविलें नाहीं.

आतां जनीविषयीं लोकांनीं सांगितलेल्या गोष्टींकडे वळूं. त्यांतील पहिली सर्वांस ठाऊक आहे. घरांत माणसें पुष्कळ, दळण भारी, आणि जनी एकटी. तेव्हां विठ्ठल स्वतः येऊन जात्याचा खुंटा धरून तिच्यासमोर बसला व तिच्याबरोबर दळूं लागला. पंढरपुराजवळ गोपाळपूर येथें तें जातें म्हणून अजून एक जातें दाखवितात. याच कथेच्या एका प्रकारांत गोणाईला दुसरा आवाज ऐकूं येतो. जनीनें बाहेरची कोणी बाई दळावयास आणिली असें वाटून ती रागावते. आणि ती दुसरी बाई आपण गरीब आहों, आपलें नांव विठाबाई, असें सांगते. येथें देव केवळ दळतो इतकेंच नाहीं. तो बाई होतो, गरीब होतो, आणि धनिणीचा राग सोसतो. या कथेनें एका फटक्यांत दोन गोष्टी सांगितल्या. एक ही कीं, दळणें हें हलकें काम नव्हे. जें देवानें केलें त्याला हलकें कोण म्हणेल? दुसरी ही कीं, देव देवळांतल्या पूजेपेक्षां कष्टणाऱ्याच्या घामापाशीं अधिक लवकर येतो. आम्हां ख्रिस्ती लोकांस हा विचार परका वाटूं नये. आमच्या प्रभूनें कंबरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले तेव्हां त्यानें गुलामाचें काम पत्करिलें होतें. दोन्ही कथा एक नव्हेत, आणि त्या एक आहेत असें भासविणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. तरी कष्टाकडे पाहण्याची दोन्हींची दृष्टि शेजारीशेजारी उभी आहे.

दुसरी गोष्ट चोरीची. एका रात्रीं देव जनीच्या खोपटांत आला व तेथेंच निजला. पहांटे काकडआरतीची वेळ झाली तेव्हां तो घाईनें उठून गेला. आपलें रत्नांचें पदक तेथेंच विसरला आणि जनीची फाटकी वाकळ पांघरून देवळांत जाऊन उभा राहिला. बडवे दार उघडून पाहतात तों गळ्यांत पदक नाहीं. शोध चालला तो थेट जनीच्या खोपटाकडे. पदक सांपडलें. तिचें कोणीं ऐकून घेतलें नाहीं. तिला चंद्रभागेच्या वाळवंटांत नेऊन सुळावर देण्याचें ठरलें, आणि त्या वेळीं सुळाचें पाणी झालें अशी कथा आहे. ऐकणारे सुळाच्या चमत्काराशीं थांबतात. आम्हांस त्यापूर्वींचा भाग अधिक विचार करावयास लावतो. पदक हरवलें तेव्हां बडव्यांनीं एकमेकांचीं घरें झडलीं असें कथा सांगत नाहीं. त्यांच्या मनांत पहिलें नांव आलें तें मोलकरणीचें. वस्तु हरवली कीं घरांत राबणाऱ्या गरिबावर प्रथम संशय जातो, हें साडेसहाशें वर्षांत फारसें बदललें नाहीं. आणि देव वाकळ पांघरून उभा आहे हें पुरावा म्हणून सर्वांच्या डोळ्यांपुढें असतां त्याकडे कोणी पाहिलें नाहीं, यांतहि मोठें मर्म आहे. ही कथा जिनें पहिल्यांदा सांगितली तिला न्याय म्हणजे काय हें शास्त्रांतून नव्हे, अनुभवांतून कळलें असलें पाहिजे.

तिसरी गोष्ट गोवऱ्यांची. कबीर हा जनीची कीर्ति ऐकून काशीहून तिच्या भेटीस आला. पाहतो तों ती दुसऱ्या एका बाईशीं गोवऱ्यांवरून भांडत होती. इतकी मोठी संत आणि शेणासाठीं भांडते, याचें त्याला नवल वाटलें. तेव्हां जनीनें सांगितलें कीं, ज्या गोवरींतून विठ्ठलनामाचा नाद येईल ती माझी समजावी. आणि तशी परीक्षा करून गोवऱ्या वेगळ्या काढण्यांत आल्या. इतिहासाच्या दृष्टीनें ही भेट घडणें शक्य नाहीं. जनाबाईचें देहावसान परंपरेप्रमाणें शके १२७२ म्हणजे सन १३५० मध्यें झालें. कबीर हा १५व्या शतकांतला. मग ही भेट लोकांनीं कां घडविली? आमच्या मतें त्यांना काशीचा मुसलमान विणकर आणि गंगाखेडची शूद्र दासी यांस एका पंक्तीस बसवावयाचें होतें. पोथीपेक्षां अंतःकरण मोठें, जातीपेक्षां भक्ति मोठी, हा दोघांचा विचार एक; म्हणून कालाचें अंतर ओलांडून त्यांची भेट करविली. शिवाय नामाच्या नादाची ही खूण दुसऱ्या एका कथेंतहि येते. मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम करीत असतां भिंत कोसळून चोखामेळा व त्याच्याबरोबरचे मजूर १३३८ सालीं गाडले गेले. नामदेव त्याचीं हाडें आणावयास गेला, तेव्हां ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकूं आलें तीं चोखोबाचीं म्हणून त्यानें ओळखलीं. गोवरी आणि महाराचें हाड! एक वस्तु लोक हातानें थापतात पण तिला मोल देत नाहींत, दुसरीस लोक शिवत नाहींत. याच दोन वस्तूंतून देवाचें नांव निघतें असें सांगणारे लोक भोळे होते असें म्हणणारानें पुन्हां विचार करावा.

आणखी एक आख्यायिका थोडक्यांत सांगतों. जनीचे अभंग स्वतः पांडुरंग लिहून घेत असे, असें म्हणतात. जिच्या हातीं लेखणी नव्हती तिच्या शब्दालाहि लिहून ठेवण्याइतकें मोल आहे, हा तिचा अर्थ उघड आहे.

या गोष्टी आमच्यापर्यंत कशा आल्या हेंहि पाहिलें पाहिजे. त्या जतन करणारांत मोठें नांव महिपतीचें आहे. तो १७१५ सालीं ताहराबाद येथें जन्मला. हें गांव राहुरी तालुक्यांत, आजच्या अहिल्यानगर म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांत आहे. घरीं कुळकर्णीपणाची वृत्ति होती. ती लेखणी त्यानें सोडिली आणि संतांचीं चरित्रें लिहिण्यास तीच लेखणी वाहिली. १७६२ सालीं त्यानें ५७ अध्यायांचा भक्तविजय पुरा केला, आणि १७७४ सालीं भक्तलीलामृत. उत्तरेचा नाभाजी व मराठवाड्याकडचा उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांचा आधार आपण घेतला असें तो स्वतः नमूद करतो. १७९० सालीं तो वारला. त्याच्या ओव्या इतक्या सोप्या आहेत कीं, ज्याला वाचतां येत नाहीं त्याला त्या ऐकून समजतात. गांवोगांवच्या देवळांत दर रात्रीं एक अध्याय याप्रमाणें भक्तविजय वाचला गेला, तो यामुळेंच. पुढें या चरित्रांचें इंग्रजींत भाषांतर करण्याचें काम एका मिशनऱ्यानेंच केलें. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अ‍ॅबट (१८५३–१९३२) यांनीं सेवानिवृत्तीनंतर स्वदेशीं जाऊन आपलीं शेवटचीं वर्षें या कामांत घालविलीं. पंडित नरहर गोडबोले हे त्यांचे साह्यकारी होते. भक्तविजयाचे त्यांचे दोन खंड अ‍ॅबटसाहेबांच्या मृत्यूनंतर १९३३ व १९३४ सालीं बाहेर पडले. ज्या गोष्टींवर आपला विश्वास नाहीं त्या एवढ्या काळजीनें व आदरानें दुसऱ्या भाषेंत नेणारा हा मनुष्य आमच्या मंडळ्यांनीं आठवणींत ठेवावा असा आहे.

परंतु महिपतीच्या पोथीपेक्षांहि जुनी व मोठी अशी एक वाट होती, ती जात्याची. जनीनंतर शेंकडों वर्षें मराठी बायांनीं पहांटे दळतांना ओव्या गाइल्या, आणि जनीला त्यांनीं आपली सोबतीण मानिलें. हेमा राईरकर व मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनीं पुण्याहून सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील खेड्यांपाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ सालापासून त्या संगणकाच्या साहाय्यानें कोणासहि वाचावयास व ऐकावयास मिळूं लागल्या. त्यांत मराठवाड्यांतील बायांनीं गाइलेल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील ओव्याहि आहेत. म्हणजे ज्या चालींत आजी जनीची कथा गात होती, त्याच चालींत नातीनें आपल्या मुक्तिदात्याची कथा गाइली. पात्र तेंच राहिलें, आंतलें पाणी नवें आलें. गिरणी गांवांत आली आणि जातें कोपऱ्यांत गेलें. बायांच्या खांद्यांवरचा भार उतरला ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु पहांटेचें तें गाणेंहि त्याबरोबर थांबलें.

आतां ज्या प्रश्नास आम्हीं आरंभीं हात घातला त्याच्या कठीण भागाकडे येतों. जनीबरोबर देव दळला. परंतु जनी दासीच राहिली. कथा ऐकून कोणीं तिच्या हातांतलें दळण आपल्या हातीं घेतलें असें कोठें वाचावयास मिळत नाहीं. चोखामेळ्याच्या हाडांतून देवाचें नांव निघालें असें सर्व वारकऱ्यांनीं मानिलें. तीं हाडें महाद्वाराशीं पुरलीं. आणि त्याच्या जातीच्या माणसास मात्र त्या दाराच्या आंत जाण्यास सहाशें वर्षें मिळालीं नाहींत. १९४७ सालच्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपुरीं १० दिवस उपोषण केलें तेव्हां तें दार हरिजनांस उघडण्याचें ठरलें. म्हणजे जो विचार कथेनें १४व्या शतकांत सांगितला तो आचरणांत यावयास २०वें शतक उजाडावें लागलें, आणि तेव्हांहि तो आपोआप आला नाहीं. १९४८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयींचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. संतांविषयीं आदर आणि समाजाच्या निर्दयपणाविषयीं संताप हे एकाच मनांत राहूं शकतात, हें त्या अर्पणावरून दिसतें.

यावरून कोणी म्हणेल कीं, गोष्टी निरुपयोगी आहेत. त्या गरिबाला समाधान देतात व श्रीमंताला झोंप देतात. हा आक्षेप खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याला आपल्या घरच्या मोलकरणीला वेळेवर पगार द्यावयाचा नाहीं तो जनीच्या जात्यावर डोळ्यांत पाणी आणूं शकतो. पण दोष गोष्टीचा किती व ऐकणाराचा किती, हें तोलून पाहावें. हेमाद्रीचा ग्रंथ विद्वानांच्या पेटींत राहिला. जनीची गोष्ट मात्र दळणाऱ्या बाईच्या मनांत राहिली, आणि आपण कोणी क्षुद्र नाहीं ही जाणीव तिनें तेथें जिवंत ठेविली. ज्या दिवशीं कोणी त्या दाराशीं उभा राहून आंत येण्याचा हक्क मागूं लागला, त्या दिवशीं त्याला तो विचार नव्यानें शोधावा लागला नाहीं. तो गांवोगांव अगोदरच पेरलेला होता. बीं जमिनींत असणें आणि पीक घरांत येणें यांमध्यें नांगर, पाणी व कष्ट लागतात, हें शेतकऱ्यास शिकवावयास नको.

आमच्या मंडळींतील कांहीं जण विचारतात कीं, शेजारी जनीच्या चमत्कारांच्या गोष्टी सांगतात तेव्हां आम्हीं काय करावें. हंसावें, वाद घालावा, कीं मान डोलवावी? आमचें मत असें आहे. जें घडलें असें आपणांस वाटत नाहीं तें घडलें असें म्हणूं नये. परंतु हंसूं तर नयेच नये. त्यापेक्षां असें विचारावें कीं, या गोष्टींत देव कोणाच्या बाजूस उभा आहे, कोणावर खोटा आरोप आला आहे, आणि आपण त्या ठिकाणीं असतों तर बडव्यांमध्यें असतों कीं जनीपाशीं. असें विचारलें म्हणजे शेजाऱ्याशीं वाद होत नाहीं, बोलणें होतें. आमच्या पवित्र शास्त्राचा मोठा भाग तरी काय आहे? रूथ ही परदेशची विधवा. कापणाराच्या मागें फिरून सरवा वेंचणारी. तिच्या चरित्राचे चारच अध्याय आहेत, आणि परक्या जातीच्या गरीब बाईला देवाच्या लोकांत जागा आहे हा विचार त्यांत एकहि सिद्धांत न सांगतां सांगितला आहे. तरीहि रूथची गोष्ट दरवर्षीं वाचणाऱ्या मंडळ्यांत, परगांवाहून मजुरीस आलेल्या बाईला बसावयास जागा देतांना लोक आखडतात. जो दोष आम्हीं वारकऱ्यांत पाहिला तो आपल्या दारांत नाहीं असें समजूं नये.

शेवटीं एक सूचना. आपल्या गांवांत ज्या वृद्ध बायांनीं जात्यावर दळलें आहे त्यांपैकीं थोड्याच आतां उरल्या आहेत. त्यांना ओव्या येतात. जनीच्या येतात, आपल्या सासरमाहेरच्या येतात, आणि पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती आजीबाई असतील तर येशूच्याहि येतात. मुलांनीं दिवाळीच्या सुट्टींत त्यांच्यापाशीं बसावें, त्या म्हणतील तें जसेंच्या तसें वहींत उतरावें, आणि ओवीबरोबर बाईची हकीकतहि लिहावी: लग्न कोणत्या वर्षीं झालें, दुष्काळांत काय खाल्लें, कोणाच्या शेतांत राबली, शाळेंत कां गेली नाहीं. आपली भाषा सुधारण्यासाठीं मुलांनीं तिचे शब्द बदलूं नयेत. जनीचे अभंग कोणी तरी ऐकून लिहून ठेविले म्हणून गंगाखेडच्या या दासीशीं आपली ओळख आहे. ज्या मंडळीची वही भरेल तिनें ती पाळकापाशीं द्यावी, म्हणजे ती जपून ठेवण्याची तजवीज करतां येईल.